भिंतीवरचं फोल्डिंग टेबल पुढे झुकतंय? ब्रॅकेट बदलण्याआधी हे तपासा

मी डोंबिवली-कल्याण पट्ट्यात फर्निचर फिटिंगचं काम करतो. वन रूम किचन असो की वन बीएचके, भिंतीला लावलेलं घडीचं टेबल आता बहुतेक इमारतींत एखाद्या घरी तरी असतंच. सकाळी त्यावर डबे भरायचे, दुपारी इस्त्री किंवा शिलाई मशीन, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री जेवण, आणि मग ते मिटून त्याच जागी गाद्या घालायच्या. दिवसातून सहा वेळा उघडमीट धरली तरी वर्षाला दोन हजारांच्या वर फेऱ्या होतात. एवढं काम करणारी वस्तू कधीतरी सैल होणारच.

पण मला येणाऱ्या फोनवर तक्रार वेगळीच असते. "टेबल पुढे झुकलं म्हणून ब्रॅकेट बदलले. तीन महिन्यांत पुन्हा झुकलं. पुन्हा बदलले, पुन्हा तेच." अशा घरी गेलो की दहातल्या सात-आठ वेळा ब्रॅकेट धडधाकट असतो. सुटलेलं असतं दुसरंच काहीतरी. म्हणून हे सविस्तर लिहितोय. आधी सांधा कुठे उघडतोय ते शोधा, मगच दुकानात जा.

मी बोलतोय ते टेबल साधारण असं: ९० सेंमी लांब, ५० सेंमी खोल, १८ मिमीची फळी, खाली दोन फोल्डिंग ब्रॅकेट. ब्रॅकेटची उभी पट्टी भिंतीला, आडवा हात फळीला, मध्ये तिरका टेकू आणि खटका. खटका दाबला की फळी खाली मिटते.

लक्षणं

- टेबल रिकामं असतानाही पेन्सिल ठेवली की पुढे घरंगळते.
- रिकामं असताना सरळ, पण कोपर टेकले की खाली जातं आणि कोपर काढले की परत वर येतं.
- एकच कोपरा खाली गेलाय, फळी पिळल्यासारखी दिसते.
- दोन्ही टोकं बरोबर आहेत, मध्ये मात्र पोट आलंय.
- उघडताना दोन्ही बाजूंनी "टक" असा आवाज यायचा, आता एकाच बाजूने येतो.
- पावसाळ्यात आकार बदलतो, उन्हाळ्यात पुन्हा बरा वाटतो.
- ब्रॅकेटच्या वरच्या टोकाशी भिंतीत केसाएवढी फट आहे आणि खाली लादीवर पांढरी किंवा लाल पूड पडते.

शेवटचं लक्षण दिसलं तर टेबल आजच रिकामं करा आणि मिटवून ठेवा. पूड पडते म्हणजे गिट्टी (स्क्रू धरून ठेवायला भिंतीच्या भोकात ठोकलेली प्लास्टिकची नळी) भिंतीतून बाहेर सरकतेय. बाकीच्या लक्षणांत घाई नाही, शांतपणे तपासता येतं.

आधी कागदाची चाचणी

याला एक पैसा लागत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या लेखातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. जुनं व्हिजिटिंग कार्ड किंवा लग्नपत्रिकेचा कडक तुकडा घ्या. घरातल्या कुणालातरी टेबलाच्या पुढच्या कडेवर दोन्ही हातांनी हलकेच दाबायला सांगा. जोर लावायचा नाही, जेवताना कोपर टेकतो तेवढाच. दाब असताना तीन जागा तपासून बघा.

पहिली जागा, ब्रॅकेटच्या उभ्या पट्टीचं वरचं टोक आणि भिंत यांच्यामध्ये. इथे कार्ड आत गेलं तर दोष भिंतीतल्या पकडीत आहे. दुसरी, आडव्या हाताचं भिंतीकडचं टोक आणि फळी यांच्यामध्ये. इथे गेलं तर फळीचे स्क्रू सैल आहेत. तिसऱ्या जागी कार्ड चालत नाही, तिथे बोट लावायचं: तिरका टेकू जिथे खाचेत बसतो तिथे. दाबताना बोटाखाली खटका हलल्यासारखा वाटला तर खाच झिजलीय किंवा खटका पूर्ण बसतच नाहीये.

तिन्ही ठिकाणी सगळं घट्ट असेल आणि तरी पेन्सिल घरंगळत असेल, तर टेबल बहुधा पहिल्या दिवसापासूनच तिरकं लागलंय. दोन्ही ब्रॅकेटवर ही चाचणी वेगवेगळी करा. एकच कोपरा खाली असेल तर बहुधा एकाच बाजूला काहीतरी सापडेल.

एवढी ओढ कुठून येते

पहारेने दगड उचकटतात ते डोळ्यांसमोर आणा. फळी म्हणजे पहार आणि ब्रॅकेटचं खालचं टोक म्हणजे तिचा टेकू. पुढच्या कडेवर तुम्ही खाली दाबता तेव्हा ब्रॅकेटचा वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. फळी ५० सेंमी खोल आणि उभी पट्टी २० सेंमी उंच असेल, तर कडेवरच्या १५ किलोंची वरच्या स्क्रूंवर साडेसदतीस किलोची ओढ होते. फळीचं स्वतःचं वजन लॅमिनेटसकट सात किलोच्या आसपास, त्याची ओढ आणखी आठ-नऊ किलोंची. म्हणजे कुणी नुसते कोपर टेकून बसलं तरी दोन ब्रॅकेट मिळून ४५ किलोच्या वर ओढ. साठ किलोचा माणूस त्या कडेवर टेकला तर एकट्या त्याचीच ओढ १५० किलोंची.

पाकिटावर "१०० किलो" असं छापलेलं असतं ना, तो आकडा ब्रॅकेटच्या पोलादाचा. तुमच्या भिंतीबद्दल तो काही सांगत नाही.

यातलाच दुसरा हिशेब: उभ्या पट्टीचं वरचं टोक भिंतीपासून फक्त २ मिमी सुटलं, की टेबलाची पुढची कड ५ मिमी खाली येते. म्हणून कड अर्धा सेंमी खाली दिसली तरी भिंतीजवळची फट डोळ्याला दिसेलच असं नाही. कार्ड लागतं ते यासाठी.

१. खटक्याची खाच साफ करा

टेबल मिटवा, दोन्ही खटक्यांच्या खाचांत टॉर्च मारा. खोडरबराचा चुरा, पेन्सिलीची साल, शिलाईच्या दोऱ्याचे तुकडे, तांदळाचा दाणा, सुकलेली कणीक असं काय काय निघतं. गेल्या मे महिन्यात एका ताईंकडे गेलो होतो, त्या घरी ब्लाउज शिवतात. उजवी बाजू दीड सेंमी खाली होती आणि नवे ब्रॅकेट आणूनही ठेवले होते. खाचेत दोऱ्याचा गुंता दबून दबून टणक गोळी झाली होती. टेकू त्या गोळीवर बसायचा, खाचेच्या तळाला पोचायचाच नाही. चिमट्याने गोळी काढली, टेबल सरळ झालं.

जुना टूथब्रश घ्या, कोरडाच वापरा. मग मशीनचं तेल एक थेंब, जास्त नको. खोबरेल किंवा खायचं तेल अजिबात नको, ते काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. दोन्ही बाजूंनी "टक" ऐकू आल्याशिवाय वर काही ठेवायचं नाही, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. खटका अर्धवट बसलेला असताना टेबल उभं राहतं खरं, पण एखाद्या धक्क्याला एकदम खाली येतं. लहान मूल खाली खेळत असेल तर काय होईल, वेगळं सांगायला नको.

२. पाणसळ लावा

मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप अंदाजापुरतं ठीक आहे, पण शेजारच्या गवंड्याकडून पाणसळ मिळाली तर उत्तम. टेबलावर दोन दिशांनी लावा: लांबीत आणि खोलीत. नंतर ब्रॅकेटशेजारी भिंतीला उभी लावा, किंवा दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. आपल्याकडच्या भिंती ओळंब्यात असतातच असं नाही. प्लास्टरचा थर वर जाड, खाली पातळ असला की ब्रॅकेट आपोआप पुढे कलतो.

हा दोष असेल तर दुरुस्ती फुकटातली आहे. ब्रॅकेटचे खालचे स्क्रू थोडे सैल करा आणि उभ्या पट्टीच्या खालच्या टोकामागे लॅमिनेटचा तुकडा सरकवा. लॅमिनेट साधारण १ मिमी जाड असतं, म्हणून एका तुकड्याने पुढची कड अडीच मिमी वर येते. दोन तुकड्यांनी पाच. घडी केलेला कागद किंवा पुठ्ठा घालू नका, तो दबतो आणि महिन्याभरात पुन्हा जैसे थे.

कार्डाच्या चाचणीत वरच्या टोकाला फट सापडली असेल तर मात्र हा उपाय करू नका. सुटत चाललेल्या गिट्टीवर तुम्ही नुसतं पांघरूण घालाल.

३. फळीचे स्क्रू

हाताच्या स्क्रूड्रायव्हरने एकेक स्क्रू आवळा. ड्रिल मशीनने नको. मशीनला हाताची जाणीव नसते, आणि एक फेरा जास्त झाला तरी लाकडातले आटे पिठासारखे होतात. आवळताना स्क्रू अडला तर ठीक. नुसता फिरत राहिला तर भोक मोठं झालंय.

भोक मोठं झालं असेल तर बांबूच्या दोन-तीन बारीक काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, वरचं टोक कापा, एक दिवस वाळू द्या आणि त्याच ठिकाणी बारीक भोक पाडून स्क्रू लावा. प्लायमध्ये हे वर्षानुवर्षं टिकतं. पार्टिकल बोर्डमध्ये टिकत नाही, कारण आजूबाजूचा भुसाच ढिला झालेला असतो. तिथे सरळ आरपार बोल्ट घाला: सहा मिमीचा, वरून चपट्या डोक्याचा, फळीत बुडवून बसवलेला, आणि खाली नायलॉनच्या कड्याचा नट, ज्याला बाजारात नायलॉक म्हणतात. वरून दोन-चार ठिपके दिसतील, पण पकड सुटणार नाही. ज्या टेबलावर मिक्सर किंवा शिलाई मशीन चालतं तिथे मी पहिल्यापासूनच बोल्ट घालतो. त्या थरथरीने स्क्रू स्वतःहून उलटे फिरतात.

स्क्रूच्या बाबतीत दोन गोष्टी. एक, लांबी. ब्रॅकेटच्या पत्र्याची जाडी धरून स्क्रूचं टोक वरच्या लॅमिनेटच्या दोन-तीन मिमी आत थांबलं पाहिजे. इंची स्क्रू १८ मिमीच्या फळीत मारला की वर फोड येतो. मग तो झाकायला स्क्रू अर्धवट ठेवतात आणि तिथूनच सैलपणा सुरू होतो. दुसरी, जात. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू सुताराच्या डब्यात सगळ्यात जास्त असतात, म्हणून ते सगळीकडे मारले जातात. ते कडक असतात पण ठिसूळ. आडवा धक्का बसला की डोकं तुटून पडतं आणि दांडी आतच राहते. इथे ते नकोत. खाडीकाठी किंवा समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेसचे घ्या, थोडे महाग पडतात पण गंजून फळीत अडकत नाहीत.

४. ब्रॅकेट खरंच झिजलाय का

फळी हातात धरून ब्रॅकेटचा हात डावीकडे-उजवीकडे हलवा. रिव्हेटच्या जागी थोडासा खेळ चालतो. पण रिव्हेटभोवती काळी-करडी पूड असेल, भोक लांबट झालेलं दिसत असेल किंवा खाचेची कड गोल झाली असेल तर ब्रॅकेट संपला. दोन्ही बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला की फळी पिळते.

झिजलेल्या खाचेवर वेल्डिंग करून घेऊ नका. मला हे वारंवार विचारतात म्हणून लिहितोय. तो भाग कडक केलेल्या पोलादाचा असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा कडकपणा जातो आणि शेजारची स्प्रिंगही बिघडते. नवा ब्रॅकेट घेताना उभ्या पट्टीची उंची बघा. आडवा हात कितीही लांब असला तरी भिंतीतली ओढ ठरते ती उभ्या पट्टीवर. उंच पट्टीचा मिळाला तर तोच घ्या. आणि आडवा हात फळीच्या खोलीच्या किमान दोन तृतीयांश तरी पोचला पाहिजे.

५. फळी

मध्ये पोट आलं असेल तर आधी जाडी मोजा. खर्च वाचवायला १२ मिमीची फळी लावलेली असते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे त्याच भाराखाली १२ मिमीची फळी १८ मिमीच्या तिपटीहून जास्त वाकते. फळी बदलायची नसेल तर पुढच्या कडेखाली सागाची किंवा कुठल्याही पक्क्या लाकडाची पट्टी उभी करून लावा, दीड-दोन इंच उंच. आडवी लावली तर काही उपयोग नाही. उभी लावली की पोट जातं.

पावसाळ्यात आकार बदलणाऱ्या फळीच्या खाली वाकून बघा. वर लॅमिनेट आणि खाली नागडं प्लाय असेल तर कारण तिथेच आहे. उघडी बाजू हवेतला ओलावा पिऊन फुगते, लॅमिनेटची बाजू फुगत नाही. मग पावसाळ्यात कडा वर उचलल्या जातात आणि मध्ये खोलगट होतं, उन्हाळ्यात फळी पुन्हा सुकून जागेवर येते. खालच्या बाजूला पातळ बॅकिंग लॅमिनेट लावून घ्या. ते शक्य नसेल तर कोरड्या दिवसांत, फळी सरळ असताना, खालून आणि चारही कडांना पॉलिशचे दोन-तीन हात द्या. फुगलेल्या अवस्थेत सील केलं तर ओलावा आतच कोंडला जातो.

पार्टिकल बोर्डची कड बोटाने दाबून बघा. पाण्यात बुडालेल्या बिस्किटासारखी फुगलेली, नख रुतणारी असेल तर ती फळी पुन्हा स्क्रू धरणार नाही. बदला. नवी घेताना आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय मागा. सिंकजवळच्या टेबलाला तर तेच लागतं.

६. भिंत

इथपर्यंत दोष सापडला नसेल, किंवा कार्ड पहिल्याच जागी आत गेलं असेल, तर भिंत. माझ्याकडच्या सगळ्यात जास्त कामांचं मूळ इथेच निघतं. चुकीची गिट्टी, नाहीतर बरोबर गिट्टी चुकीच्या भिंतीत.

वरचा एक स्क्रू काढा. गिट्टी बोटांनी ओढून बघा. सहज हातात आली तर तिला चिकटलेल्या भुकटीचा रंग बघा. लाल असेल तर वीट. करडी आणि वाळूसारखी खरबरीत असेल तर काँक्रीट. पांढरी किंवा फिकट करडी, टाल्कम पावडरीसारखी मऊ असेल तर हलका ब्लॉक, ज्याला आमच्या धंद्यात सरसकट सिपोरेक्स म्हणतात. भोकातून पूड न येता ड्रिल एकदम पोकळीत गेलं होतं असं कुणाला आठवत असेल तर ती जिप्समची किंवा प्लायची पार्टिशन आहे. जुन्या चाळींत विटांच्या सांध्यांत चुना भरलेला असतो, त्याची पूड पांढरट आणि त्यात बारीक खडे.

विटेत दोष बहुधा लांबीचा असतो. आतल्या प्लास्टरचा थर १२ ते २० मिमी असतो, कधी त्याहून जाड. ४० मिमीच्या गिट्टीतली निम्मी त्या थरातच जाते, आणि प्लास्टरला ओढ सोसायची ताकद नसते. प्लास्टर सोडून विटेत किमान ४० मिमी जाईल एवढी गिट्टी आणि तिला जुळणारा स्क्रू घ्या. दोन विटांच्या सांध्यात भोक पडलं असेल तर जागा बदला. भोक पाडल्यावर आतली भुकटी हवेच्या पंपाने आणि ब्रशने पूर्ण काढा. भुकटी राहिली की गिट्टी गोट्यांवर बसल्यासारखी फिरते. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

काँक्रीटमध्ये, म्हणजे मिवानच्या (साच्यात काँक्रीट ओतून भिंती केलेल्या) इमारतींत, पकड उत्तम मिळते. अडचण ड्रिल आत जाण्याची. आत सळई लागली तर जोर करू नका, भोक दोन-तीन सेंमी बाजूला घ्या.

सिपोरेक्सवर थोडं थांबतो, कारण २०-२२ मजली नव्या इमारतींतले बहुतेक फोन यावरचे असतात. हा ब्लॉक म्हणजे घट्ट झालेला फेस. घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, तर वीट १८०० च्या आसपास आणि काँक्रीट २४००. इमारतीचं वजन कमी होतं, घर थंड राहतं, त्यासाठी तो चांगलाच आहे. पण साधी गिट्टी फुगून भिंतीला दाबते तेव्हा हा फेस चुरगळतो. लावल्या दिवशी घट्ट वाटतं, मग रोजच्या ओढीने भोक हळूहळू मोठं होत जातं. वर हॅमर लावून ड्रिल केलं असेल तर भोक आतून फनेलसारखं झालेलं असतं. सिपोरेक्समध्ये हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं आणि त्याच ब्लॉकसाठी बनवलेली, रुंद पंखांची लांब नायलॉन गिट्टी वापरायची. आतल्या भिंती अनेकदा १०० मिमीच्याच असतात, तेव्हा भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजल्याशिवाय लांब गिट्टी ठोकू नका. पलीकडच्या खोलीत टोक निघालेलं मी पाहिलंय.

मोठ्या झालेल्या भोकात व्हाइट सिमेंट किंवा पीओपी भरून तीच गिट्टी पुन्हा ठोकण्यात अर्थ नाही. ते भरण गिट्टीसकट बूच निघावं तसं निघून येतं.

माझा नेहमीचा उपाय हा आहे, आणि तो वीट असो की ब्लॉक, दोन्हीकडे चालतो. प्रत्येक ब्रॅकेटमागे १९ मिमी प्लायची ४० सेंमी उंच, १० सेंमी रुंद उभी पट्टी लावायची. पट्टीला आधी मागून बोल्ट घालून ब्रॅकेट कसायचा आणि बोल्टची डोकी पट्टीत बुडवायची. मग ती पट्टी भिंतीला सहा गिट्ट्यांनी धरायची, त्यातल्या तीन अगदी वरच्या टोकाकडे, एका रेषेत नाही, थोड्या वरखाली. उंची वीसची चाळीस झाली की भिंतीवरची ओढ निम्म्यावर येते आणि ती दोन भोकांऐवजी तीन भोकांत वाटली जाते. टेबल भिंतीपासून १९ मिमी पुढे येतं, त्या फटीतून पेन्सिली पडतात, म्हणून मागे एक पातळ पट्टी लावून घ्या.

७. भिंत नाहीच धरली तर पाय लावा

भिंत कमजोर असेल तर भार जमिनीवर द्या. पुढच्या कडेखाली एक घडीचा पाय आला की कडेवरचा सगळा भार त्यातून लादीवर जातो आणि वरच्या स्क्रूंवरची ओढ जवळपास संपते. अनेकांना पाय नको वाटतो, कारण "मग ते भिंतीवरचं टेबल कसलं?" पण तोच पाय शिलाई मशीनखालीही टेबल हलू देत नाही, आणि आजोबा उठताना कडेला धरून उठले तरी जीव टांगणीला लागत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर मी विचारण्याआधीच पाय सुचवतो.

तो कुठल्या दिशेने मिटेल हे नीट ठरवा. टेबलाची उंची ७५ सेंमी, त्यातून फळी वजा जाता पाय ७३ सेंमीचा. फळीची खोली मात्र ५० सेंमी. म्हणजे पाय भिंतीच्या दिशेने मिटवला तर तो बाहेर डोकावेल. तो फळीच्या लांबीच्या दिशेने, आडवा मिटला पाहिजे. ९० सेंमीत तो आरामात मावतो. टेबल मिटल्यावर फळी आणि भिंत यांच्यात किती जागा उरते ते आधी मोजा आणि त्याहून पातळ पाय करा. बिजागरी साधी नको, खटक्याची घ्या, नाहीतर कुणाचा पाय लागला की तो मिटेल. खाली रबरी बूट आणि उंची कमीजास्त करायचा स्क्रू असू द्या, लादी कुठेच अगदी सपाट नसते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ब्रॅकेटभोवती भिंतीला तडा गेला असेल आणि तो वाढत असेल. भिंत ओली असेल किंवा प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजत असेल. आधी गळती, मग टेबल. भोक स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली येत असेल, कारण वायरीची नळी बहुधा तिथूनच उभी जाते. पलीकडे बाथरूम किंवा स्वयंपाकघराचा नळ असेल. भिंत पार्टिशनची असेल आणि आतली चौकट कुठे आहे ते सापडत नसेल. केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून चिकटवलेला बोल्ट) लागणार असेल. काँक्रीटच्या भिंतीत पुन्हापुन्हा सळई लागत असेल. ती भिंत इमारतीचा भार घेते, तिच्यात चाळण करायची नसते. आणि दुरुस्ती करूनही महिन्याभरात कार्ड पुन्हा आत जात असेल.

भिंतीत मिटणारा पलंग झुकत असेल किंवा वर राहत नसेल तर यातलं काहीही स्वतः करू नका, अगदी पहिली पायरीसुद्धा. त्यात ताणलेल्या स्प्रिंगा असतात किंवा नायट्रोजन वायू दाबाखाली भरलेले गॅस पंप, ज्यांना आपण हायड्रॉलिक म्हणतो. त्यांची ताकद गादीच्या वजनाशी जुळवलेली असते. गादी काढून खटका सोडला तर सांगाडा झटक्यात वर येतो, तोंडावर बसू शकतो. पंपाला भोक पाडणं, कापणं, तापवणं तर जिवाशी खेळ. बसवणाऱ्या माणसालाच बोलवा आणि तो येईपर्यंत पलंग खाली, गादीसकट, तसाच राहू द्या.

सुताराला फोन कराल तेव्हा "टेबल झुकलंय" एवढंच सांगू नका. कार्ड कुठल्या जागी आत गेलं, भुकटीचा रंग कोणता, फळीची जाडी किती, उभी पट्टी किती उंच, टेबलावर मिक्सर किंवा मशीन चालतं का, एवढं सांगा. ब्रॅकेटच्या वरच्या टोकाचा बाजूने काढलेला फोटो पाठवा. त्यावरून तो बरोबर गिट्ट्या आणि बोल्ट घेऊनच येईल, आणि तुमचं काम एकाच फेरीत होईल.